आमिषाचा श्वास

कळंब्याच्या तलावाचे पाणी कोल्हापूर शहरात आणण्यासाठी यंत्राची गरज पडली नाही. तलाव उंचावर आणि शहर सखलात. एवढ्या उताराच्या बळावर ते पाणी मंगळवार पेठेतल्या ‘पाण्याच्या खजिन्या’पर्यंत आपण होऊन चालत येई. ज्यांनी ही योजना आखली त्यांनी जमिनीचा कल ओळखला आणि बाकीचे काम पृथ्वीच्या ओढीवर सोपवले. परंतु सगळ्याच पाण्याच्या नशिबी उतार नसतो. एका लहानशा होडीत बादलीएवढी टाकी ठेवून तिच्यातले पाणी ज्याला दिवसभर खेळते ठेवायचे आहे, त्याने उतार कोठून आणावा? त्याला बळ बाहेरूनच आणावे लागते. ते बळ माणसाने कोठकोठून आणले, याचा इतिहास मोठा मनोरंजक आहे आणि थोडा अंतर्मुख करणाराही आहे.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. तो राहतो कळंब्यात, पण सुट्टी लागली की कयाक घेऊन कोकणातल्या खाड्या गाठतो. कयाक म्हणजे मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची एका माणसाची निमुळती होडी. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवीत. आता ती प्लास्टिकची मिळते. या होडीत त्याने पाण्याखालचे मासे दाखवणारे यंत्र बसवले आहे. मागच्या बाजूला एक टाकी आहे. तिच्यात जिताड्यासाठी आमिष म्हणून जिवंत कोळंबी किंवा बोईची पिले ठेवायची. दोन्हींसाठी मिळून बारा व्होल्टची एकच बॅटरी.

“सर, बघायचं यंत्र किती वीज खातंय? अर्धा अँपिअर. खातोय तो पंप!” तो म्हणाला.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मराठीचा मास्तर; तरी हा हिशेब मला समजला. लहान पंपाला सुमारे दोन अँपिअर लागतात. सात अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी घेतली, तर कागदावर तो साडेतीन तास चालेल. पण अशी बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली की तिचे आयुष्य घटते. म्हणजे खरे तास दोनच. मासा कोठे आहे हे पाहायला थोडी वीज पुरते. आमिष जगवायला तिच्या चौपट लागते. डोळ्यापेक्षा श्वासाचा खर्च मोठा!

या खर्चाचे कारण पाण्यातच आहे. वीस अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. तीस अंशांवर जेमतेम साडेसात, आणि खाडीच्या खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. उलट पाणी जसे तापते तसा माशाचा श्वास वाढतो. आवक घटते आणि खर्च चढतो, अशी ही कोंडी आहे. आपल्या बाजारात मरळ थोड्याशा पाण्यात तासन् तास जिवंत दिसते, कारण ती वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकते. बोईला ती सोय नाही. तिच्या टाकीतले पाणी सतत बदलले पाहिजे, निदान ढवळले तरी पाहिजे.

गळाने मासे धरण्याचा छंद आपल्याकडे नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कोल्हापूरचे शिलाहार त्या काळी याच चालुक्यांचे मांडलिक होते. राजाने कसे राज्य करावे, काय खावे, कोणते खेळ खेळावेत हे सांगणाऱ्या या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचा चारा, गळ आणि दोर यांची त्यात तपशीलवार चर्चा आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहून अभ्यासकांचे लक्ष तिकडे वेधले. राजाच्या हौसेला साधनांची वाण नव्हती. तरी प्राणवायूचा नियम राजालाही लागू होता!

मासे जिवंत नेण्याची पहिली युक्ती दर्यावर्दी लोकांनी काढली. गलबताच्या पोटात एक कप्पा करून त्याच्या तळाला भोके ठेवायची. गलबत चालले की समुद्राचे पाणी आपोआप आतबाहेर खेळते. इंग्लंडात हारिच बंदरी अशी गलबते १७१२ पासून बांधली जाऊ लागली. आपल्या लक्षद्वीपातल्या मिनिकॉय बेटावरचे कोळी कुपा मासा धरण्यासाठी लहान मासे जिवंत नेतात; त्यांच्या परंपरागत होड्यांतही हीच रचना होती. येथे पंपाचे काम प्रत्यक्ष समुद्र करीत होता. कळंब्याला जसा उतार, तशी तेथे लाट.

जेथे उतारही नाही आणि लाटही नाही, तेथे माणसाचा हात लागला. बंगालच्या नद्यांतून रोहू-कटल्याचे बीज गोळा करून ते मातीच्या हंड्यांतून दूरदूर पाठवीत. आगगाडीच्या डब्यात या हंड्यांजवळ माणसे बसत आणि वाटेत पाणी हलवीत राहत. हात थांबला की बीज गुदमरलेच! पुढे प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. १९५७ साली ओरिसात अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरक टोचून माशांचे प्रजनन घडवून आणण्यात यश मिळवले, आणि नदीतल्या बीजावरचे अवलंबित्वही हळूहळू सरले. १० जुलै हा दिवस त्या यशाची आठवण म्हणून देशात पाळला जातो, आणि तो पाळलाच पाहिजे. पण रात्रभर हंडी हलवणाऱ्या त्या माणसाचे नाव कोणत्याही पुस्तकात मला सापडलेले नाही.

विजेच्या इतिहासात मात्र नावांचा तुटवडा नाही. व्होल्टाने १८०० साली विद्युत्घट रचला. याकोबीने १८३८ साली सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत विजेच्या बळावर बारा-चौदा माणसांची होडी चालवली. फ्रान्समध्ये प्लांतेने १८५९ साली पुन:पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी केली, आणि १८८१ साली त्रूवेने पॅरिसच्या सेन नदीत विजेची छोटी नाव सोडली. पाण्याखाली आवाज सोडून त्याच्या पडसादावरून वेध घेण्याची विद्या पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांच्या धास्तीने वाढली. तिच्यावरून जपानच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली मासे शोधणारे यंत्र बाजारात आणले. वजनाचा प्रश्न तेवढा उरला होता. गुडइनफ आणि त्यांचे सहकारी पाढी यांनी १९९७ साली लिथियम आणि लोहाच्या फॉस्फेटचा उपयोग जगापुढे मांडला. आज त्या जातीची बॅटरी शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी वजनात तेवढीच वीज साठवते, आणि ती जवळजवळ पूर्ण वापरता येते. कयाकमध्ये या फरकाला फार किंमत आहे. टाकीत वीस लिटर पाणी भरले की वीस किलो आधीच चढलेले असतात. ते हेलकावते, आणि होडीचा तोल त्याबरोबर हलतो. म्हणून माझा विद्यार्थी लहान टाकी वापरतो, तिच्यात आमिष मोजके ठेवतो आणि पंपाला घड्याळाची कळ लावतो. काही मिनिटे चालू, काही मिनिटे बंद. जुन्या काळचा हंडीवालाही हाताला असाच मधूनमधून विसावा देत असेल.

त्या टाकीकडे पाहताना मला आमच्या गावाजवळची मोठी पाणी आठवतात. रंकाळ्यावर हिरवी साय धरते, पंचगंगेत उन्हाळ्याच्या दिवसांत मेलेले मासे तरंगतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. कारण तेच असते. सांडपाणी कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि तापल्या दिवसांत मुळातच तो थोडा असतो. वीस लिटरच्या टाकीला बॅटरी पुरते. तलावात कारंजी आणि हवा सोडणारी यंत्रे बसवता येतात. नाही असे नाही. पण नदीएवढ्या पाण्याला पुरेल असा पंप कोणी केलेला नाही, आणि केला तरी सांडपाणी येतच राहिले तर तो किती दिवस चालवणार?

माझा विद्यार्थी खाडीवरून निघताना टाकीत उरलेली कोळंबी पाण्यात परत सोडतो. ज्या खाडीतून ती धरली त्याच खाडीत, आणि जिवंत.