केतकरांचा नेपच्यूनपलीकडील ग्रह आणि दृक्प्रत्यय

नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळच्या पठारावर चंद्र नसलेल्या रात्री तीन-चार इंची दुर्बीण लावली, तर नेपच्यून तीत दिसू शकतो. परंतु तो ग्रह म्हणून सहसा ओळखू येत नाही. सुमारे आठव्या प्रतीचा हा ठिपका भोवतालच्या तारकांसारखाच भासतो. तारकापटाशी ताडून त्याची जागा नोंदवावी, काही रात्रींनी पुन्हा पाहावे आणि ती बदललेली आढळली, तरच ग्रह सापडला असे म्हणता येते. मंद ग्रहांच्या शोधाचा इतिहास हा बव्हंशी या दुसऱ्या निरीक्षणाचा इतिहास होय.

गॅलिलिओने डिसेंबर १६१२ व जानेवारी १६१३ मध्ये नेपच्यून पाहिला, पण तो तारा समजून. पॅरिस येथे लालांद यांच्या तारकासूचीसाठी ८ व १० मे १७९५ रोजी त्याचे वेध घेतले गेले. दोन्ही नोंदींतील फरक वेधाचा दोष मानला गेला. पुढे ल व्हेर्ये यांनी युरेनसच्या गतीतील विषमतेवरून नेपच्यूनचे स्थान गणिताने काढले. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिन येथे गाले यांना तो त्या स्थानापासून एका अंशाच्या आत आढळला. दुसऱ्या रात्री तो सरकलेला दिसला आणि शंका फिटली.

या संदर्भात ज्योतिर्विद व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांच्या भाकिताचा विचार करणे उचित ठरेल. पेशाने शिक्षक असलेल्या केतकरांचे ‘ज्योतिर्गणितम्’ व ‘केतकी ग्रहगणितम्’ हे ग्रंथ पंचांगशोधनाच्या चळवळीत महत्त्वाचे मानले गेले. गणिताने आलेल्या स्थानीच ग्रह आकाशात दिसला पाहिजे, हे त्या चळवळीचे दृक्प्रत्ययाचे तत्त्व. १९११ साली फ्रान्सच्या ज्योतिःशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत केतकरांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे प्रतिपादिले. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत लाप्लास यांना आढळलेल्या संबंधाच्या धर्तीवर हे अनुमान होते. पहिल्या ग्रहास त्यांनी ‘ब्रह्मा’ व दुसऱ्यास ‘विष्णू’ असे नाव दिले. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि भगणकाल २४२.२८ वर्षे, असे त्यांचे गणित होते.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी क्लाइड टॉम्बॉ यांना प्लूटो सापडला. त्याचे मध्यम अंतर सुमारे ३९.५ पट व भगणकाल सुमारे २४८ वर्षे आहे. हे साम्य पाहून केतकरांना प्लूटोच्या शोधाचे श्रेय देण्याचा मोह होतो. परंतु केतकरांनी अंतर व भगणकाल दिले, आकाशातील स्थान दिले नाही. स्थानावाचून दुर्बीण कोठे रोखावी हे निरीक्षकास कळणे शक्य नव्हते. विष्णू तर सापडलाच नाही.

लोवेल यांनी स्थान वर्तविले होते व प्लूटो त्याच्या जवळपास आढळलाही. मात्र १९७८ साली त्याचा उपग्रह शॅरन सापडल्यावर प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकेच असल्याचे कळले. एवढ्या लहान गोलाने युरेनसची गती जाणवण्याइतकी ढळू शकत नाही. म्हणजे ते साम्यही योगायोगाचेच. टॉम्बॉ यांना यश आले ते २३ व २९ जानेवारी १९३० रोजी घेतलेल्या दोन छायापट्टिका ताडून पाहिल्यामुळे. २००६ पासून प्लूटोची गणना बटुग्रहांत होते.

केतकरांनी पंचांगास लावलेली दृक्प्रत्ययाची कसोटी त्यांच्या भाकितासही लावली पाहिजे. त्या कसोटीवर ब्रह्मा हा शोध ठरत नाही. साधनांच्या अभावीही जागतिक प्रश्नाला हात घालणाऱ्या एका शिक्षकाचे ते धाडसी अनुमान ठरते. त्यास तेवढेच म्हणणे, हाच केतकरांचा यथोचित गौरव होय.