मोटारीचे हँडल आणि चालकाचे मनगट

मोटार वाहनाच्या इतिहासाचे लेखन बहुधा वेग आणि उत्पादन यांभोवती फिरते. गाडी सुरू करणाऱ्या हाताचा विचार त्यात क्वचितच होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी इंजिन सुरू करण्यासाठी पुढील बाजूस हँडल लावून ते फिरवावे लागे. ठिणगीची वेळ मागे घेण्यास चालक विसरला, तर दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच इंधन पेटून इंजिन उलटे फिरे व हँडल हातावर आदळे. मनगटाजवळील या अस्थिभंगास ‘शोफर्स फ्रॅक्चर’ असे नाव रूढ झाले. इजेलाच व्यवसायाचे नाव चिकटले. खबरदारीही अनुभवातूनच आली : अंगठा मुठीभोवती न वळवता बोटांच्याच बाजूस ठेवावा आणि हँडल खाली दाबण्याऐवजी वर ओढावे.

१९०८ मध्ये मोटार उत्पादक बायरन कार्टर यांचे निधन झाले. हँडलच्या आघाताशी त्याचा संबंध जोडणारी कथा प्रसिद्ध आहे. तथापि तिचे तपशील ग्रंथागणिक बदलतात, त्यामुळे ती जपूनच स्वीकारावी लागते. निर्विवाद आहे ते इतकेच, की हेन्री लीलंड यांच्या कॅडिलॅक कंपनीने चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ च्या गाड्यांत बसविला. फोर्डच्या ‘मॉडेल टी’मध्ये मात्र कारखान्यातून बसविलेला स्टार्टर १९१९ मध्ये आला. सर्वसामान्यांच्या या गाडीचे चालक तोवर अंगठाच सांभाळत राहिले. आणि उघड्या टपाच्या गाड्यांना तेव्हाही त्यासाठी जादा किंमत मोजावी लागे.