ट्रेटिनॉइन

ट्रेटिनॉइन : मुरुमांवर (तारुण्यपीटिकांवर) बाहेरून लावायचे, रेटिनॉइड गटातील औषध. अ जीवनसत्त्वाचे हे अम्लरूप असून ऑल-ट्रान्स रेटिनॉइक अम्ल या नावानेही ते ओळखले जाते. पिवळसर ते फिकट नारिंगी स्फटिकी पूड. रेणुभार सुमारे ३००. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. उजेडात व हवेत लवकर बिघडते. क्रीम व जेल या रूपांत मुख्यतः ०.०२५, ०.०५ व ०.१ टक्के या तीव्रतांमध्ये मिळते. भारतात ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचे औषध आहे. रेटिनो-ए हे येथील परिचित व्यापारी नाव. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात (ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया) हेच द्रव्य पोटात देतात. त्याचा विचार या नोंदीत केलेला नाही.

इतिहास : हे अम्ल प्रयोगशाळेत प्रथम तयार केले ते आरेन्स व व्हान डॉर्प या डच रसायनशास्त्रज्ञांनी, १९४६ मध्ये. त्वचारोगांत त्याचा बाहेरून उपयोग करून पाहण्याचे श्रेय जर्मनीतील गुंटर श्ट्युटगेन यांना जाते (१९६२). मात्र कातडी जाड होण्याच्या विकारांवर त्यांनी ते वापरले होते आणि त्वचेची आग फार होत असल्याने तो उपचार मागे पडला. मुरुमांवरील उपयोग अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ॲल्बर्ट क्लिगमन यांनी जेम्स फुल्टन व गेर्ड प्लेविग यांच्यासह १९६९ च्या शोधनिबंधात मांडला. तोवर मुरुमांवर गंधक, रिसॉर्सिनॉल यांसारखी साल काढणारी द्रव्ये लावत, नाहीतर पोटातून टेट्रासायक्लिन देत. ट्रेटिनॉइनने मुरुमाच्या मुळाशी असलेला बुचा सुटतो आणि नवा बनत नाही, हे या कामातून दिसले. १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

क्लिगमन यांचे नाव दुसऱ्या एका कारणानेही घेतले जाते. फिलाडेल्फिया येथील होम्सबर्ग तुरुंगात १९५१ ते १९७४ या काळात त्यांनी कैद्यांवर त्वचेसंबंधीचे असंख्य प्रयोग केले. कैद्यांपैकी अनेक जण कृष्णवर्णीय होते, त्यांना थोडा मोबदला मिळे, आणि त्यांची संमती पुरेशा माहितीनिशी घेतलेली नव्हती. ॲलन हॉर्नब्लम यांच्या १९९८ मधील पुस्तकाने हे प्रकरण पुन्हा चर्चेत आणले. क्लिगमन यांनी तुरुंगातील संशोधनाचे अखेरपर्यंत समर्थन केले. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेने २०२१ मध्ये आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली. औषधाची उपयुक्तता यामुळे कमी होत नाही. पण ते ज्यांच्या कातडीवर तपासले गेले त्यांचा उल्लेख कोशात असलाच पाहिजे.

कार्य : मुरुमाची सुरुवात डोळ्यांना दिसत नाही. केशपुटकाच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून राहतात, त्यात तेलग्रंथींचा स्राव अडकतो आणि सूक्ष्म बुचा (मायक्रोकॉमेडोन) तयार होतो. पुढे त्याचेच काळे वा पांढरे टोक होते, किंवा जंतूंची वाढ व दाह होऊन लाल, पुवाची पुळी होते. ट्रेटिनॉइन पेशीतील रेटिनॉइक अम्लाच्या ग्राहींना जोडले जाऊन जनुकांचे कार्य बदलते. त्यामुळे पेशी सुट्या होऊन गळतात, बुचा सैल पडतो, नवा धरत नाही. दाहही काहीसा उतरतो. तेलाचा स्राव मात्र हे औषध फारसा कमी करत नाही.

लावण्याची पद्धत : औषध उमटलेल्या पुळीवर ठिपक्यासारखे लावायचे नसते. जिथे मुरूम येतात तो सगळा भाग (कपाळ, गाल, नाक, हनुवटी) पातळ थराने झाकायचा असतो, कारण पुढच्या महिन्यातील पुळ्या तिथेच आज न दिसणाऱ्या अवस्थेत असतात. फक्त पुळी दिसेल तिथे लावणाऱ्यांना गुण येत नाही आणि दोष औषधाला दिला जातो.

रात्री चेहरा सौम्य क्लिन्झरने धुवावा, टॉवेलने न घासता टिपावा आणि त्वचा पूर्ण कोरडी होण्यासाठी वीस ते तीस मिनिटे थांबावे. ओलसर त्वचेवर लावल्यास आग जास्त होते. सबंध चेहऱ्याला मटारच्या दाण्याएवढे औषध पुरते. त्याचे पाच ठिपके देऊन हलक्या हाताने पसरावे. डोळ्यांभोवती, नाकपुड्यांच्या कडांना, ओठांच्या कोपऱ्यांत लावू नये. वरून साधे मॉइश्चरायझर लावावे. नाजूक त्वचेला मॉइश्चरायझर आधी व औषध नंतर असा क्रम सोसतो. जास्त लावल्याने लवकर गुण येतो हा समज चुकीचा आहे. वाढते ती फक्त जळजळ.

सुरुवात कमी तीव्रतेने, एक दिवसाआड किंवा आठवड्यातून दोन-तीन रात्री करावी आणि त्वचा सोसेल तसे रोजवर यावे. पहिल्या काही आठवड्यांत कोरडेपणा, लाली, साल सुटणे हे बहुतेकांना होते. काहींचे मुरूम आधी वाढल्यासारखे दिसतात. याच टप्प्यावर ट्यूब फेकून देणारे सर्वाधिक. फरक जाणवायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात, आणि मुरूम आटोक्यात आल्यावरही ते परतू नयेत म्हणून वापर चालू ठेवावा लागतो. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. चिठ्ठीवर ‘रात्री लावणे’ एवढेच लिहून भागत नाही.

सावळ्या त्वचेचा प्रश्न येथे वेगळा काढावा लागतो. परदेशी पुस्तकांत जळजळ ही तात्पुरती गैरसोय म्हणून नोंदलेली असते. आपल्याकडच्या गहूवर्णी व सावळ्या त्वचेत जळजळ झाली की तिच्यामागे काळपट डाग उरतो, आणि तो मुरुमाहून कितीतरी जास्त काळ टिकतो. म्हणजे घाईने लावलेले औषध ज्या डागांच्या भीतीने घेतले तेच डाग देऊन जाऊ शकते. उलट सावकाश, सातत्याने वापरल्यास हेच औषध जुने डाग फिके करण्यास मदत करते. त्यामुळे आग होऊ लागली तर जिद्दीने लावत न राहता दोन-तीन रात्री थांबावे, मॉइश्चरायझर लावावे आणि अंतर वाढवून पुन्हा सुरू करावे. कोकणपट्टीच्या दमट हवेत तेलकट त्वचेला जेल मानवते. मराठवाडा-विदर्भाच्या कोरड्या थंडीत बहुधा क्रीम बरे पडते.

दिवसा किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन हा उपचाराचाच भाग आहे. ते न लावता ट्रेटिनॉइन वापरणे, विशेषतः एप्रिल-मेच्या उन्हात, योग्य नव्हे.

इतर उपचारांशी संबंध : बेंझॉइल पेरॉक्साइड व उजेड एकत्र आल्यास ट्रेटिनॉइनची साधी रूपे निकामी होतात. दोन्ही सांगितली असतील तर पेरॉक्साइड सकाळी व ट्रेटिनॉइन रात्री लावतात. (ॲडापलीन या नंतरच्या रेटिनॉइडला ही अडचण नाही.) क्लिंडामायसिनसारखे प्रतिजैविक एकटे दीर्घकाळ लावल्यास जंतू त्याला दाद देईनासे होतात, त्याला पेरॉक्साइडची जोड हवी. स्क्रब, लिंबाचा रस, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, मद्यार्कयुक्त टोनर हे सर्व या काळात बंद ठेवावे. ब्लीच, वॅक्सिंग किंवा वरच्या ओठावरील थ्रेडिंग करायचे असल्यास सुमारे आठवडाभर आधी औषध थांबवावे, अन्यथा कातडी सोलून निघू शकते. पार्लरमध्ये हे स्वतःहून सांगावे.

कोणी वापरू नये : गर्भवती व गर्भधारणेच्या तयारीतील स्त्रियांनी. त्वचेतून रक्तात जाणारा अंश अगदी अल्प असतो आणि बाहेरून लावल्याने गर्भाला अपाय झाल्याचा ठोस पुरावा नाही. तरीही या गटातील पोटात घेण्याची औषधे गर्भात गंभीर व्यंगे निर्माण करतात, म्हणून सावधगिरीने ते टाळतात. अशा वेळी डॉक्टर ॲझेलेइक अम्लासारखा पर्याय देतात. इसब असलेल्या, उन्हाने भाजलेल्या किंवा जखम असलेल्या त्वचेवरही लावू नये.

अमेरिकेत वयस्क माजी सैनिकांवर, त्वचेचा कर्करोग टाळण्यासाठी ०.१ टक्के ट्रेटिनॉइन देऊन केलेली चाचणी औषध लावणाऱ्या गटात मृत्यू अधिक दिसल्याने मुदतीआधी थांबवली गेली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू औषधामुळे झाले असे संशोधकांनी मानले नाही. मुरुमांच्या तरुण रुग्णांना तो निष्कर्ष लागू करण्यास आधार दिसत नाही.

इतर उपयोग : उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्या, वांग.

साठवण : ट्यूबचे झाकण घट्ट लावून, उजेड व उष्णतेपासून दूर.

संयुक्त मलमे व त्यांचा दुरुपयोग : १९७५ मध्ये क्लिगमन व विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड यांचे मिश्रण डाग घालवण्यासाठी सुचवले. त्याच धर्तीची तिहेरी क्रीम वांगावर, ठराविक मुदतीपुरती, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायची असतात. भारतात मात्र ती गोरे करणारी म्हणून खपली. मैत्रिणीच्या, शेजारणीच्या किंवा औषध-दुकानदाराच्या सांगण्यावरून, वर्षानुवर्षे. स्टिरॉइडमुळे पहिल्या आठवड्यांत लाली उतरते, चेहरा उजळ दिसतो आणि मुरूमही बसल्यासारखे वाटतात. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, तोंडावर लव वाढते, एकसारख्या दिसणाऱ्या पुळ्यांचे पीक येते. क्रीम थांबवताच चेहऱ्याची आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. मुलींइतकेच मुलगेही यात सापडले आहेत. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेला लावायची स्टिरॉइड चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा बदल शेड्यूल एचमध्ये केला. तरी चिठ्ठीविना विक्री थांबलेली नाही. म्हणून ट्यूब विकत घेण्यापूर्वी तिच्यावरील घटकांची नावे वाचावीत. ट्रेटिनॉइनच्या जोडीला मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन यांपैकी एखादे नाव छापलेले असेल, तर ते मुरुमांचे औषध नव्हे.