ऊन आणि क्षय

आपल्या शेजारच्या कल्याणात वाढलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी १८८७ साली क्षयाने गेल्या. वय अवघं २१! जंतू १८८२ मध्येच सापडला होता, औषध नव्हतं. त्या काळी युरोपात रोग्यांना कॉड माशाच्या यकृताचं तेल पाजत, पुढे उन्हात झोपवू लागले. दोन्हींतला दुवा 'ड' जीवनसत्त्व, हे १९२२ नंतर उलगडलं. ते पांढऱ्या पेशींना जंतूशी लढायला मदत करतं, फुफ्फुसातली सूज आवरायलाही हातभार लावतं. पण क्षय बरा करत नाही. खरं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडलं.

गटातली एक ताई म्हणाली, "मग गोळ्या कशाला? उन्हात बसते." मी घाबरलेच! आता ती ओट्यावर उन्हात बसते, पण सरकारी दवाखान्यातल्या फुकट गोळ्या घेऊनच.