नुसताच पळायचा? बुलेट बॉब हेजची गोष्ट



डॅलसला राहून अमेरिकन फुटबॉल न बघणं म्हणजे पंढरपुरात राहून आषाढीला दार लावून बसणं. मी पहिली काही वर्षं तसाच बसलो होतो. मग ऑफिसातल्या एका वयस्क टेक्सन सहकाऱ्याने थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलावलं. टीव्हीवर अर्थातच काऊबॉईज. भिंतीवर २२ नंबरची जर्सी घातलेल्या एका खेळाडूचा जुना, काळा-पांढरा फोटो. मी आपला शहाणपणा दाखवायला विचारलं, "हा एमिट स्मिथ ना?" (तेव्हा मला एवढंच एक नाव माहीत होतं.) म्हातारा हसला. म्हणाला, "एमिटच्या आधीचा २२. बॉब हेज. जगातला सगळ्यात वेगवान माणूस." आणि मग जरा थांबून, "तसं त्याला फक्त पळताच यायचं म्हणा."

तो "फक्त" माझ्या डोक्यात राहिला. पुढे जमेल तसं वाचत गेलो तेव्हा कळलं की हे एका म्हाताऱ्याचं मत नाही. बॉब हेजची सगळी कारकीर्द ह्या एका शब्दाशी झगडण्यात गेली आणि मेल्यावरही तो शब्द सुटला नाही.

रॉबर्ट ली हेज, जन्म २० डिसेंबर १९४२, जॅक्सनव्हिल, फ्लॉरिडा. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या, स्पर्धाही वेगळ्या, असा तो काळ. त्याच्या मॅथ्यू गिल्बर्ट हायस्कूलच्या संघाने १९५८ साली बाराच्या बारा सामने जिंकून काळ्या शाळांची राज्य स्पर्धा मारली, पण बाहेर कुणी दखल घेतली नाही. ह्या संघात हेज राखीव हाफबॅक होता. पुढे टॅलाहासीच्या फ्लॉरिडा ए अँड एम ह्या काळ्यांच्या विद्यापीठात तो गेला तो फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर. धावणं नंतरचं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्यांनी उलटंच धरून ठेवलं, की धावपटू होता, नंतर फुटबॉलमध्ये घुसला.

धावायचा मात्र भयंकर. १९६३ मध्ये १०० यार्ड ९.१ सेकंदांत, हा विश्वविक्रम. १९६४ मध्ये बंदिस्त मैदानावर ६० यार्ड ५.९ सेकंदांत, सहा सेकंदांच्या आत हे अंतर कापणारा तो पहिलाच. बघायला मुळीच सुंदर नाही. पावलं आत वळलेली, खांदे डोलतायत, भरभक्कम देह, एखादा पैलवान बस पकडायला धावतोय असं वाटावं.

आपल्याकडे १९६४ चं टोकियो ऑलिंपिक म्हटलं की पाकिस्तानला १-० ने हरवून परत आणलेलं हॉकीचं सुवर्ण आठवतं. अमेरिकेत जुन्या लोकांना हेज आठवतो. १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत त्याच्या वाट्याला अगदी आतली लेन आली, चालण्याच्या शर्यतीने उखणून ठेवलेली. तेव्हाचा ट्रॅक आजच्यासारखा रबरी नव्हता, कच दाबून केलेला होता, त्यामुळे पाय रुततो. त्यात म्हणे एक बूट ऐनवेळी सापडेना. त्याच्या खोलीत मुष्टियोद्धा जो फ्रेझर (हो, तोच, पुढे अलीशी लढलेला) काहीतरी हुडकत होता, त्या गडबडीत तो पलंगाखाली गेला. उसना बूट घालून हेज पळाला. १०.० सेकंद, विश्वविक्रमाशी बरोबरी, आणि दुसरा आलेला क्यूबाचा फिगेरोला जवळजवळ दोन दशांश सेकंद मागे. शंभर मीटरमध्ये हे अंतर म्हणजे मधून रिक्षा जाईल एवढं.

पण खरी दंतकथा झाली ती रिलेची. ४ x १०० मध्ये शेवटचा बॅटन हेजच्या हातात आला तेव्हा अमेरिका पाचवी होती. पुढचे शंभर मीटर त्याने किती सेकंदांत कापले ह्यावर अजून वाद आहे, घड्याळागणिक ८.५ ते ८.९ असे आकडे मिळतात. (पळत असतानाच बॅटन घेतलेला, त्यामुळे उभ्या सुरुवातीच्या वेळेशी तुलना करू नये.) अमेरिका पहिली, ३९.० सेकंद, विश्वविक्रम. एक फ्रेंच धावपटू आधी अमेरिकनांना म्हणाला होता की तुमच्याकडे हेज सोडून आहे काय? शर्यतीनंतर अमेरिकेच्या पॉल ड्रेटनने त्याला सांगितलं म्हणे, की तेवढंच पुरलं.

ती त्याची शेवटची मोठी शर्यत. वय २१. पैसे घेऊन फुटबॉल खेळलं की हौशी दर्जा संपला, असा तेव्हाचा नियम. काऊबॉईजनी त्याला १९६४ च्या ड्राफ्टमध्येच सातव्या फेरीत उचलून ठेवलं होतं. सातवी फेरी म्हणजे लागला तर लागला, नाहीतर गेला. १९६५ मध्ये तो डॅलसच्या संघात आला. पहिल्याच हंगामात ४६ झेल, १००३ यार्ड आणि १२ टचडाऊन. दुसऱ्या वर्षी ६४ झेल, १२३२ यार्ड, १३ टचडाऊन. नोव्हेंबर १९६६ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध एकाच सामन्यात ९ झेल आणि २४६ यार्ड, त्यातला एक टचडाऊन ९५ यार्डांचा, आणि सामना जिंकला एका गुणाने, ३१-३०. तेव्हा हंगामात सामने चौदाच असत. आणि १९७८ चे नियम यायचे होते, म्हणजे रिसीव्हरला पाच यार्डांपुढे हात लावायचा नाही वगैरे लाड नव्हते. चेंडू हवेत जाईपर्यंत बचाववाला त्याला पार मैदानभर ढकलू शकायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हेजला अडवण्यासाठी झोन डिफेन्सचा शोध लागला असं टीव्हीवाले हमखास म्हणतात. ते तसं खरं नाही, झोन आधीही होता. एकेका रिसीव्हरमागे एकेक माणूस लावायचा सोडून मैदानाचे तुकडे वाटून घ्यायचे, एवढाच तो प्रकार. पण हेजमागे एकट्याने पळून भागत नाही हे कळल्यावर संघ त्याच्यावर दोन-दोन माणसं लावायला लागले, आणि झोनचा वापर वाढला, हे खरं. म्हणजे ज्या चेंडूला त्याने हातही लावला नाही त्या चेंडूवरही त्याचा परिणाम होत होता. हे स्कोअरकार्डात दिसत नाही.

आता माझ्या आवडीचा भाग, पंट रिटर्न. ज्यांना हा खेळ अगम्य वाटतो त्यांच्यासाठी: चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं असतं. तिसऱ्यापर्यंत जमलं नाही की चौथ्याला बहुधा लाथ मारून चेंडू लांब समोरच्यांकडे उडवून देतात. तो झेलायला समोरचा एक माणूस एकटा मागे उभा असतो. लाँग ऑनला उंच उडालेला झेल घेताय अशी कल्पना करा, फक्त तुम्ही वर बघत असताना ह्या बाजूने अकरा दांडगे तुमचा चुरा करायला पळत येतायत. झेल घ्यायचा आणि त्यांच्यातूनच वाट काढायची. इथे आखलेला मार्ग नाही, क्वार्टरबॅक नाही. कबड्डीतला चढाईवाला जसा एका नजरेत कोण कुठे सरकला ते ओळखतो, तसं ओळखावं लागतं. नुसत्या पळणाऱ्याचं हे काम नाही, सरळ रेषेत पळणारा तर पहिल्या पाच यार्डांतच आडवा होतो.

१९६८ च्या हंगामात हेजने १५ पंट परत आणले, एकूण ३१२ यार्ड. सरासरी २०.८, लीगमध्ये पहिली, दोन टचडाऊन, त्यातला एक ९० यार्डांचा. दहा यार्ड सरासरी चांगली मानतात ह्या कामात! त्याआधी डिसेंबर १९६७ मध्ये क्लीव्हलँडविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात (५२-१४) तीनच पंट रिटर्नमध्ये १४१ यार्ड, शिवाय ८६ यार्डांचा एक टचडाऊन झेल.

त्यानंतर आठवड्याने आइस बोल. ३१ डिसेंबर १९६७, ग्रीन बे, उणे २५ सेल्सियस. ह्या दिवशी हेजची फजिती झाली ती लपवण्यात अर्थ नाही. चेंडू आपल्याकडे येणार नसेल तेव्हा तो हात पँटमध्ये खुपसून उभा राहायचा, आणि पॅकर्सच्या लक्षात आलं की हात बाहेर असतील तेव्हाच लक्ष द्यायचं. ३ झेल, १६ यार्ड. डॅलस १७-२१ हरलं. जॅक्सनव्हिलच्या माणसाला त्या थंडीत उभं केलं तर काय होणार! आपल्यापैकी मिनेसोटावाल्यांनी पहिला हिवाळा आठवावा. पण टीकाकारांना कोलीत मिळालं ते मिळालंच.

जानेवारी १९७२ मध्ये काऊबॉईजनी मायामीला २४-३ हरवून सुपर बोल जिंकला. ऑलिंपिक सुवर्ण आणि सुपर बोलची अंगठी दोन्ही असलेला आजवर हेज एकटाच. त्या १९७१ च्या हंगामातही त्याची दर झेलामागे सरासरी २४ होती. पुढे झरझर उतार. १९७२ मध्ये एकही टचडाऊन नाही, १९७४ मध्ये सात झेल, १९७५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सहा झेल आणि समाप्त. एकूण ३७१ झेल, ७४१४ यार्ड, ७१ टचडाऊन, सरासरी २०.

आता "फक्त" ह्या शब्दाकडे येऊ. वेगच पुरेसा असता तर इतर धावपटूंनी काय केलं ते बघा. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकचा १०० मीटर विजेता जिम हाइन्स, हेजपेक्षाही वेगवान, मायामीकडून एनएफएलच्या स्तरावर खेळला आणि २ झेलांत २३ यार्ड करून विसरला गेला. त्याच ऑलिंपिकचा २०० मीटर विजेता टॉमी स्मिथ सिनसिनाटीकडून खेळला: एक झेल, ४१ यार्ड. संघांनी हेज बघून धावपटू आणले, पण त्यांना हेज मिळाला नाही. कारण हेज हा पळणारा फुटबॉलपटू होता. मागून चेंडू येतोय, मान वळवायची कधी, वेग कमी न करता हात कधी पुढे काढायचे, हे हाइन्सला शिकवून आलं नाही. शिवाय एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही: गोऱ्या खेळाडूने केलं की "डोकं" आणि काळ्याने केलं की "निसर्गाची देणगी", ही वाटणी तेव्हाच्या लिखाणात जागोजागी दिसते.

खेळ संपल्यावर दारू आणि ड्रग्ज. १९७९ मध्ये साध्या वेशातल्या पोलिसाला अमली पदार्थ दिल्याचा गुन्हा त्याने कबूल केला. पाच वर्षांची शिक्षा झाली, दहा महिने तुरुंगात काढले. मी त्याची वकिली करत नाही. शिक्षा झाली, त्याने भोगली. पण फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमचा नियम असा की फक्त मैदानावरचं बघायचं. हेजच्याच काळात खेळलेला पॉल वॉरफिल्ड, सरासरी २०.१, झेल आणि टचडाऊन थोडे जास्त, १९८३ ला पहिल्याच झटक्यात आत. लॉरेन्स टेलरची ड्रग्जची प्रकरणं जगजाहीर असताना तो १९९९ मध्ये पहिल्याच वर्षी आत. हेज बाहेरच.

काऊबॉईजनी २००१ मध्ये स्टेडियमवर त्याचं नाव लावलं, तेव्हा तो आजारी होता. १८ सप्टेंबर २००२ ला जॅक्सनव्हिलमध्ये मूत्रपिंड निकामी होऊन गेला, वय ५९. २००४ मध्ये त्याचं नाव अखेरच्या मतदानापर्यंत पोचून पडलं, तेव्हा स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या पॉल झिमरमनने चिडून निवड समितीचा राजीनामा दिला. शेवटी २००९ मध्ये निवड झाली. शेवटच्या सामन्यानंतर ३४ वर्षांनी, मृत्यूनंतर सात.

त्यातही भानगड. निवडीच्या दिवशी त्याचं १९९९ तारखेचं आभाराचं पत्र वाचून दाखवलं गेलं, लोकांचे डोळे पाणावले. मग कुणीतरी बघितलं की पत्राचा फाँट कॅलिब्री आहे, जो सर्वसामान्यांच्या हातात ऑफिस २००७ बरोबर आला. आपल्यातल्या मायक्रोसॉफ्टवाल्यांनी ह्यावर काय ते भाष्य करावं. ऑगस्टमध्ये कँटनला त्याचा मुलगा आणि रॉजर स्टॉबॅक ह्यांनी पुतळ्यावरचा पडदा काढला. आणि दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर २००९ मध्ये, माइल्स ऑस्टिनने एका सामन्यात २५० यार्ड करून हेजचा २४६ चा जुना क्लब विक्रम मोडला. ४३ वर्षं टिकला होता.

पुढच्या थँक्सगिव्हिंगला मी म्हाताऱ्याला हाइन्सचे २३ यार्ड ऐकवले. त्याने टर्कीचा तुकडा संपवला, विचार केला, म्हणाला, "ते ठीक आहे. पण आइस बोलचं काय?"

वाद अजून मिटलेला नाही.