छोट्या छापखान्याची वाट: ‘तुलना’ ते चित्रकथा

१/ सन १८८२. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून एक लहानसे पुस्तक बाहेर पडले: ‘स्त्री-पुरुष तुलना’. प्रती ५००, किंमत ९ आणे. लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे.

२/ निमित्त सुरतेचे. विजयालक्ष्मी या विधवेस अर्भकहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. पुढे ती सौम्य करण्यात आली. वृत्तपत्रांनी दोष समस्त स्त्रीजातीस दिला. ताराबाईंनी तो पुरुषांच्या पदरात घातला.

३/ पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून पाठराखण केली. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. ‘तुलना’ विस्मरणात गेली, स. गं. मालशे यांनी ती पुन्हा प्रसिद्ध केली १९७५ साली, म्हणजे ९३ वर्षांनी.

४/ फुल्यांच्या ‘गुलामगिरी’स (१८७३) नवे रूप मिळाले २०११ मध्ये, तेही दोन स्त्रियांच्या हातून. ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’ ही इंग्रजी चित्रकथा: शब्द श्रीविद्या नटराजन यांचे, रेखाटने अपराजिता निनान यांची. प्रकाशक ‘नवयान’, जातिप्रश्नावर पुस्तके काढणारी छोटी संस्था.

५/ मोठ्या व्यासपीठांनी नाकारलेला विचार छोटा छापखाना जन्मास घालतो. तो जगतो मात्र पुढच्या पिढीने पुन्हा छापला, पुन्हा रेखाटला, तरच.