हवाई छत्री : घडी, जोडणी व निगा

हवेच्या विरोधाचा उपयोग करून उंचावरून पडणाऱ्या माणसाचा वा वस्तूचा वेग सुरक्षित मर्यादेत आणणाऱ्या वस्त्रसाधनास हवाई छत्री किंवा पॅराशूट असे म्हणतात. कापडी छत्र, त्यास जोडलेले दोर, उडी घेणाऱ्याच्या अंगावरील पट्टे आणि घडी केलेले छत्र सामावणारी पिशवी हे तिचे मुख्य घटक होत. छत्री प्रत्यक्ष वापरात असते ती काही मिनिटेच. परंतु ती उघडेल की नाही याचा निर्णय बव्हंशी आधीच, जमिनीवर तिची घडी घालणाऱ्याच्या हाती झालेला असतो. म्हणून हवाई छत्रीच्या इतिहासात छत्राच्या आकारातील सुधारणांइतकेच महत्त्व ती कशी बांधावी, जोडावी व सांभाळावी या ज्ञानाला आहे. या ज्ञानाचा बराचसा भाग अपघातांतून मिळालेला आहे.

प्रारंभीचे प्रयत्न : फ्रेंच बलूनवीर आंद्रे-झाक गार्नरँ याने २२ ऑक्टोबर १७९७ रोजी पॅरिस येथे बलूनमधून यशस्वी उडी घेतली. त्याचे सुमारे ७ मी. व्यासाचे छत्र मिटलेल्या छत्रीप्रमाणे बलूनखाली टांगलेले होते. त्यास घडी अशी नव्हतीच. खाली येताना ते जोराने हेलकावे खात होते. छत्राच्या माथ्यावर हवेच्या निकासासाठी भोक ठेवल्यास हेलकावे कमी होतात, हे पुढे लक्षात आले. १८३७ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट कॉकिंग याने उलट्या शंकूच्या आकाराची, १०० किग्रॅ.हून अधिक वजनाची छत्री वापरली. छत्रीचे स्वतःचे वजन हिशोबात धरलेले नव्हते व कापडाची शिवणही कमकुवत होती. छत्र कोसळून कॉकिंग मृत्युमुखी पडला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील केटे पाउलुस हिच्यासारख्या बलूनवीरांनी घडी करून पिशवीत ठेवलेल्या छत्रीचा वापर केला. पिशवीला जोडलेला दोर बलूनलाच बांधलेला असे आणि उडी घेणाऱ्याच्या वजनाने छत्र बाहेर ओढले जाई. विमानांच्या आगमनानंतर या ‘स्थिर दोरा’चा धोका स्पष्ट झाला. अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९१४ मध्ये जॉर्जिया ‘टायनी’ ब्रॉडविक हिचा असा दोर विमानाच्या शेपटीत अडकला. पुढच्या उडीत तिने दोर कापून आखूड केला व तो हाताने ओढून छत्री उघडली. २८ एप्रिल १९१९ रोजी ओहायओ राज्यातील मॅककुक फील्ड येथे लेस्ली अर्व्हिन याने पाठीवरील नव्या छत्रीने उडी घेतली. मूठ ओढली की पिशवीच्या खिळी निघाव्यात, स्प्रिंगच्या जोराने लहान पथदर्शी छत्री उसळावी आणि तिने मुख्य छत्र बाहेर खेचावे, अशी तिची रचना होती. उतरताना अर्व्हिनचा घोटा मोडला, तरी हीच रचना पुढील छत्र्यांचा आधार ठरली.

घडीचे शास्त्र : १९२४ मध्ये अमेरिकी नौदलाने लेकहर्स्ट येथे छत्री बांधणाऱ्यांचे म्हणजे रिगरांचे विद्यालय सुरू केले. स्वतः घडी घातलेल्या छत्रीने उडी घेतल्याशिवाय तेथील शिक्षण पूर्ण होत नसे. या नियमामागील विचार उघड आहे. ज्याच्या चुकीची किंमत दुसरा माणूस प्राणाने मोजणार, त्याने ती जोखीम एकदा तरी स्वतः पत्करली पाहिजे.

त्या काळची छत्रे रेशमी असत. दमट हवेत रेशमाचे पदर एकमेकांस चिकटतात, त्यास बुरशी व कीड लागते. म्हणून छत्र ठराविक मुदतीने उघडून उंच खोलीत टांगून वाळवावे लागे. दुसऱ्या महायुद्धात जपानी रेशीम मिळेनासे झाले आणि नायलॉन पुढे आले. ६ जून १९४२ रोजी कनेक्टिकट राज्यात ॲडेलीन ग्रे हिने नायलॉनच्या छत्रीने पहिली उडी घेतली. नायलॉन बुरशीला दाद देत नाही. मात्र सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण, अम्ले व घर्षणाची उष्णता यांनी ते क्षीण होते. निगेचे नियम त्यानुसार बदलले.

भारतात कानपूर येथे छत्र्यांचा सरकारी कारखाना १९४१ मध्ये निघाला. २०२१ पासून तो ग्लायडर्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहे. १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेने माल टाकण्यासाठी कलकत्त्याच्या तागाच्या छत्र्या वापरल्या. त्या रेशमी छत्र्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडत. काही छत्र्या निकामी ठरल्या तरी मालाच्या बाबतीत ते चालण्यासारखे होते. माणसासाठी अशी सवलत नाही. छत्र्यांचे संशोधन करणारी संस्था आग्रा येथे १९६९ मध्ये स्थापन झाली.

क्रीडाछत्रीची जोडणी : महायुद्धानंतर शिलकी लष्करी छत्र्यांतून हौशी उड्यांचा खेळ वाढला. डॉमिना जॅल्बर्ट याला १९६६ मध्ये एकस्व मिळालेल्या रचनेत छत्राचे अनेक कप्पे समोरून येणाऱ्या हवेने फुगून त्यास विमानाच्या पंखासारखा आकार येतो. हे छत्र हवे तिकडे वळविता येते, पण प्रथम ते इतक्या झटक्याने उघडे की कापड फाटे व माणसास इजा होई. ‘स्लायडर’ या चौकोनी फडक्याने हा दोष दूर झाला. त्याच्या चार कोपऱ्यांतील कड्यांतून दोर ओवलेले असतात. छत्र फुगू लागले की हवेच्या दाबाविरुद्ध ते सावकाश खाली सरकते व उघडण्याची क्रिया मंदावते.

घडी घालताना प्रथम दोरांत पीळ वा गुंता नाही हे पाहतात. नंतर कप्प्यांची तोंडे एकत्र करून दोर मध्यभागी आणतात, स्लायडर छत्राच्या कडेशी भिडवून त्याच्या चारही बाजू मोकळ्या करतात आणि छत्र आतील पिशवीत बसवितात. दोर रबरी पट्ट्यांत नागमोडी अडकवितात. बाहेरील पिशवी दोरीच्या एका लहान फाशातून जाणाऱ्या खिळीने बंद होते. हा फासा झिजला वा सैल राहिला, तर खीळ अवेळी निघून छत्री विमानाच्या दारातच उघडण्याचा संभव असतो. काही पैशांची ही दोरी संपूर्ण संचातील सर्वांत नाजूक जागा होय.

मुख्य छत्री बिघडल्यास ती सोडून राखीव छत्री उघडावी लागते. यासाठी बिल बूथ याने १९७०–८० या दशकाच्या मध्यास तीन कड्यांची रचना केली. लहानमोठी कडी एकमेकांत अडकविलेली असल्याने शरीराचा सारा भार शेवटी एका बारीक दोरीच्या फाशावर अत्यल्प प्रमाणात येतो आणि त्यातील तार हाताने सहज ओढता येते. कडी नियमितपणे सुटी करून पट्टे हाताने वाकवून मऊ ठेवणे व तार पुसणे आवश्यक असते. तसे न केल्यास ऐन वेळी कडी सुटण्यास विलंब होतो.

उपसाधनांपैकी मनगटावरील उंचीमापक, शिरस्त्राण, चष्मा व अडकलेला दोर कापण्याची आकडी सुरी ही महत्त्वाची होत. १९९१ मध्ये जर्मनीत हेल्मुट क्लोट याने तयार केलेले ‘सायप्रेस’ हे स्वयंचलित उपकरण हवेच्या दाबावरून उंची व वेग ओळखते. अनुभवी उडीपटूंसाठीच्या त्याच्या प्रकारात सुमारे २२५ मी. उंचीवरही वेग सेकंदाला ३५ मी.हून अधिक असल्यास लहान स्फोटक पात्याने राखीव छत्रीचा फासा कापला जातो. बेशुद्ध किंवा भांबावलेल्या अनेक माणसांचे प्राण या उपकरणामुळे वाचले आहेत. विमान ज्या मैदानावरून निघते त्याहून उतरण्याची जागा उंच वा सखल असल्यास त्यातील उंची जुळवून घ्यावी लागते.

निगा व तपासणी : छत्र उन्हात पसरून ठेवू नये, दमट असता बंद करू नये व विद्युत् घटमालेतील अम्लापासून दूर ठेवावे, हे सामान्य नियम आहेत. स्पेक्ट्रासारख्या तंतूंचे दोर स्लायडरच्या घर्षणाच्या उष्णतेने आखडतात. कड्यांलगतचे दोर इतरांपेक्षा अधिक आखडल्याने छत्राचा तोल बिघडतो. म्हणून दोरांची लांबी मोजून ते बदलतात.

दृष्टीला न दिसणारे दोष याहून घातक असतात. १९८०–९० या दशकात काही गोल राखीव छत्र्यांच्या जाळीदार कापडात अम्ल आढळले. त्याच्या संपर्काने शेजारचे नायलॉन इतके दुबळे झाले होते की ते हाताने फाटे. त्यानंतर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या दर्शकाने अम्लाची परीक्षा करण्याची व कापड ताणून पाहण्याची पद्धत रूढ झाली. न वापरलेली छत्री सुरक्षितच असते, ही समजूत या प्रकरणाने खोटी ठरविली.

म्हणूनच राखीव छत्री वापरली नसली तरी ती मुदतीने उघडून, तपासून पुन्हा बांधावी लागते. अमेरिकेत कृत्रिम तंतूंच्या छत्र्यांसाठी ही मुदत २००८ मध्ये १२० दिवसांवरून १८० दिवस करण्यात आली. रेशमासारख्या नैसर्गिक तंतूंसाठी ती ६० दिवस आहे. मुख्य छत्रीची घडी उडी घेणारा स्वतः घालू शकतो. राखीव छत्री मात्र परवानाधारक रिगरच बांधतो, घडी पूर्ण झाल्यावर आपली हत्यारे मोजतो, खिळीवर आपल्या चिन्हाची मोहोर लावतो आणि नोंदपत्रावर तारीख घालून सही करतो. पहिल्या छत्रीबाबत झालेली चूक दुसरीने सावरता येते. दुसरीच्या मागे तिसरी नसते. त्या सहीचा अर्थ एवढाच, की या छत्रीची जबाबदारी एका विशिष्ट माणसाने स्वीकारली आहे.